पुढं गेलेला भाऊ

फिरोजशेठनं शेडचं दार सरकवलं आणि लाल गाडीवर पाचगणीचं ऊन पडलं. विलायती, बुटकी, दोनच दारांची गाडी. मागं डिकीच्या जागी काचेसकट वर उघडणारं तिसरं दार. फिरोजशेठचा मुलगा ती शर्यतीत पळवायचा. तो परदेशी गेला तो तिकडचाच झाला.

"वाऱ्यासारखी पळते," फिरोजशेठ म्हणाले. "पण नखरेही तेवढेच. चढाला तापते. सुटे भाग इकडे मिळत नाहीत. सगळं आधीच सांगतो, मागाहून शिव्या नकोत."

आकारामची नजर गाडीवरनं हलत नव्हती. नव्या गाडीसाठी नंबर लावून तो कंटाळला होता, आणि यंदा ऊस चांगला गेला होता.

"नाथा, तू बघ चालवून," तो म्हणाला. "तू म्हणशील तसं."

नाथाजी त्याचा चुलतभाऊ. पलटणीत ट्रक चालवून पेन्शनवर आलेला. गाडी पारखायलाच आकारामनं त्याला उंब्रजहून बरोबर आणलं होतं.

नाथाजी एकटाच गाडी घेऊन टेबललँडच्या रस्त्याला लागला. पाय जरासा दाबला तशी गाडी अशी उसळली, की त्याला हसूच फुटलं. आजवर त्यानं जड, हट्टी, सरकारी धुडं ओढली होती. ही मनात आलं की वळत होती. वरपर्यंत तो नुसता हसत गेला.

गाडी माघारी वळवताना त्याला आठवलं, की ही आकारामच्या दारात उभी राहणार. वाटणीत नदीकडचं रान त्यालाच गेलं. माडी त्याचीच चढली. आणि आता हीसुद्धा.

उताराला त्यानं ब्रेक दाबला. पाय पार खाली गेला, गाडी तशीच निघाली. त्यानं घाईनं पुन्हा दाबला, तेव्हा ब्रेक लागला. पुढच्या वळणावर मात्र पहिल्याच दाबात लागला. त्याच्या पुढच्यालाही.

शेडपाशी येऊन तो उतरला.

"ब्रेकचा भरवसा न्हाई," तो म्हणाला. "एकदा पाय खाली गेला. घेऊ नगंस, आकाराम."

"मला कधी तसं झालं नाही," फिरोजशेठ म्हणाले. "पण तपासून घ्या. माझी ना नाही."

आकाराम स्वतः एक फेरी मारून आला. ब्रेक दर वेळी लागला. तो उतरला तेव्हा त्याचं तोंड फुललं होतं. त्यानं नाथाजीला बाजूला घेतलं.

"खरं सांग गड्या. ब्रेक खाली गेला, का तुला बघवंना झालंय?"

दोन्ही खरं होतं. पण नाथाजी दोन्ही कसं सांगणार?

व्यवहार झाला. आकारामनं शेजारचं दार उघडून धरलं. "चल, बस. गावात संगट जाऊ. लोकं बघत्याल."

"मी यष्टीनं येतो."

"रुसलास व्हय रं?"

"घाटात दुसऱ्या गिअरात उतर," नाथाजी म्हणाला. "ब्रेकवर इसंबू नगंस."

आकारामनं ऐकलं की नाही कुणास ठाऊक. त्यानं हॉर्न वाजवला आणि गाडी गेली.

वाईला जाणारी एस.टी. लगेचच मिळाली. नाथाजी दरीकडच्या खिडकीशी बसला. पसरणीचा घाट सुरू झाला तसा तो प्रत्येक वळणाला बाहेर वाकून खाली बघू लागला. खाली रस्त्याचे वेढे, झाडं, लांब वाईची कौलं. लाल काही दिसत नव्हतं.

शेजारी गाजराची पेंडी मांडीवर घेऊन एक म्हातारी बसली होती. तिनं त्याची तगमग पाहिली.

"कुणी पुढं गेलंय का रं बाबा?"

"भाऊ गेलाय. मोटार घेऊन. ब्रेकचा भरवसा न्हाई."

"अगं बाई!" म्हातारीनं पेंडी खाली ठेवून हात जोडले. "देवा, संबाळ रं त्याला." मग तीही त्याच्या खांद्यावरनं बाहेर बघू लागली.

एका वळणाखाली लाल दिसलं. नाथाजी अर्धा उठला. झुडपावर वाळत घातलेलं लुगडं होतं.

"लुगडं हाय रं, लुगडं!" म्हातारीनं मोठा सुस्कारा सोडला.

नाथाजी खाली बसला. आपल्या तोंडून सुस्कारा निघाला नाही, हे त्याला कळलं. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि पुढच्या वळणाला डोळे मिटून घेतले. तरी पुन्हा उघडलेच.

घाट संपला. वाईत शिरताना चहाच्या हॉटेलापुढं लाल गाडी उभी होती. एक ओरखडासुद्धा नव्हता. भोवती माणसांचा गराडा पडला होता. कुणी काचेला नाक लावत होतं, कुणी मागचं दार वर-खाली करून बघत होतं. मधे आकाराम हातात कपबशी घेऊन उभा होता. एस.टी. दिसताच तो रस्त्यावर आला आणि खिडक्या बघत ओरडला, "नाथा! उतर की गड्या! तुझ्यासाठी थांबलोय!"

म्हातारीनं आनंदानं नाथाजीच्या पाठीत थाप मारली. तिचे डोळे भरून आले होते.

"घावला की रं तुजा भाऊ! सुखरूप हाय! आता तरी हस की, बाबा."