गायत्रीचं पान

"नंदुरबारवाला बी तेच म्हनतस. आसं पानच नही," उखा मोबाईल पुढे करत म्हणाला.

सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या मिलमधली पाळी सुटल्यावर तो मुलीला, गायत्रीला, घेऊन थेट विकासच्या दुकानात आला होता. समाजातल्या लग्नाच्या मुलामुलींची वेबसाइट विकासने केली होती, तीही फुकट. तिच्यातल्या गायत्रीच्या पानाची लिंक त्याने आतापर्यंत चार स्थळांना पाठवली होती.

विकासने उखाच्याच मोबाईलवर साइटचं पहिलं पान उघडलं, तिथून आत शिरून गायत्रीच्या नावावर बोट ठेवलं. फोटो, शिक्षण, उंची, सगळं हजर.

"दिसतंय ना, काका? त्यांचं नेट खराब असेल."

"चारही घरांचं?" गायत्रीने विचारलं.

नेट कुणाचंच खराब नव्हतं. साइट कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर नव्हती. अनेकांच्या कॉम्प्युटरवर वाटून ठेवलेली होती. त्यात खरं पान एकच, पहिलं. त्यातून आत शिरलं की बाकीची पानं मोबाईलच तयार करतो. आतल्या पानाची लिंक थेट दाबली, तर नेटवर्क ते पान शोधत बसतं. नसलेलं पान सापडणार कुठून? तोडगा सोपा होता. त्या पानासाठी साइटच्या एका फाइलमध्ये एक ओळ लिहायची, मग लिंक बरोबर उघडते. बाकी सगळ्या मुलींच्या ओळी विकासने लिहिल्या होत्या. गायत्रीने मागच्या वर्षी त्याला नकार दिला होता. तिची ओळ राहिली. राहिली कसली, ठेवली!

आणि वरपक्ष काय, निमित्तालाच टपलेला. पान सापडलं नाही, म्हणजे पोरीचं काहीतरी झाकलंय, असं म्हणून मोकळे.

उखाला भरून आलं.

"तू आमनासाठे येवढं करस, नि हाई येडी तुले नही म्हनी. आते ती काय बोलाव नही. तूच करी ले ना भो तिले."

"आबा!" गायत्री ओरडली. पण मागचं ठाम 'नाही' काही तिच्या तोंडून निघालं नाही.

विकासने ते ऐकलं, नीट ऐकलं.

"माझी कधी ना होती, काका? पण चार ठिकाणांहून परत आलेली मुलगी. घरी काय सांगू?"

उखाने मान डोलावली. त्याला ते पटलं.

"बरं मंग. दोंडाईचाले एक पोऱ्या शे. त्याना बापले धाडी दे लिंक."

विकासने उभ्या उभ्या तीच लिंक पाठवली, आणि काकांसाठी चहा सांगितला.