पहिला चेंडू पाहुण्यांचा

अकरावा चेंडूही देवदत्तशेठच्या बॅटला लागला नाही.

‘वा! काय सोडलाय चेंडू!’ माइकवरून हिमानी ओरडली, आणि शिरगावच्या मैदानावर टाळ्या पडल्या. त्या ओरडण्याला दहा मार्क होते.

क्रीडा व मनोरंजन प्रशासन पदविकेची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. उल्हासनगरात एका फर्निचरच्या दुकानावर हा वर्ग भरायचा. नऊ महिन्यांत विद्यार्थी बॅनरवरच्या फोटोंची उतरंड शिकले होते. पाहुण्यांच्या सोफ्यावर टॉवेल कसा टाकायचा आणि नारळाला आधीच तडा कसा देऊन ठेवायचा, हेही शिकले होते. खेळ हा विषय ऐच्छिक होता. तो कुणी घेतला नव्हता.

आजचा प्रश्न एकच होता, पण पूर्ण शंभर मार्कांचा. क्रिकेट स्पर्धेचं उद्घाटन. पाहुण्यांनी पहिला चेंडू सीमेपार मारायचा, मग स्पर्धा सुरू. जोवर लागत नाही तोवर तो पहिलाच चेंडू धरायचा. आठ संघ सकाळी आठपासून नवे टी-शर्ट घालून झाडाखाली बसले होते. आता साडेअकरा झाले होते. आपण कुणाच्या तरी परीक्षेचं साहित्य आहोत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

यशोधरा सीमारेषेजवळ उभी होती. तिच्याकडे वीस मार्कांचं काम होतं. चेंडू आलाच तर धावायचं, पडायचं आणि झेल सोडायचा.

तिची अडचण हातांची होती. कॉलेजच्या संघात ती पाच वर्षं क्षेत्ररक्षण करत होती. तिच्या हातांतून काही निसटायचंच नाही. विष्णुपंतसरांनी अंबरनाथच्या एका कारखान्यात तीस वर्षं साहेबांच्या स्पर्धा भरवल्या होत्या, आणि त्या सगळ्या साहेबांनीच जिंकल्या होत्या. ते वर्गात म्हणायचे, ‘झेल धरणारे गल्लोगल्ली मिळतात, यशोधरा. ज्याला सोडता येतो, तो प्रशासनात जातो.’ महिनाभर त्यांनी तिच्याकडून लिंबं सोडायची तालीम करून घेतली होती. दहातली नऊ सुटायला लागली होती.

एवढी मेहनत उगाच नव्हती. देवदत्तशेठचं वांगणीला नवं गृहसंकुल उभं राहत होतं. तिथल्या क्लब हाऊसला व्यवस्थापक हवा होता. नेमणूकपत्र सही होऊन शेठच्या सेक्रेटरीच्या फाइलमध्ये पडलं होतं, फक्त नावाची जागा कोरी होती. परीक्षेत जो पहिला येईल त्याचं नाव. लेखी परीक्षेत यशोधरा पहिली होती. ही नोकरी हुकली, तर परत जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला बसणं होतं. आई जनाबाईने तर बुवापाड्यात आधीच पेढे वाटले होते. ‘आता काय परत मागायचे होय गं?’ असं म्हणून तिने सकाळी लेकीला घराबाहेर काढलं होतं.

बारावा चेंडू टाकायला वर्गातलाच कल्पेश पुढे आला. तो दर चेंडूला एक पाऊल जवळ येत होता. आता चेंडू टाकायचा की हातात द्यायचा, एवढंच ठरायचं होतं. शेठनी डोळे मिटले आणि बॅट फिरवली.

लागला!

चेंडू पाण्याच्या टाकीपेक्षा उंच गेला. शेठनी डोळे उघडून आधी बॅटकडे पाहिलं. यशोधरा धावली, पूर्ण मार्क. यशोधरा पडली, पूर्ण मार्क. तोंड मातीत, चष्मा कुठेतरी, आणि उजवा हात वर. हातात चेंडू.

हिमानी ‘वा’ म्हणाली आणि माइक बंद झाला.

‘वाट लागली हिची,’ कल्पेश म्हणाला.

विष्णुपंत गुणपत्रक छातीशी धरून पळत आले. वाकून कुजबुजले, ‘टप्पा पडला म्हण. एवढंच म्हण, पोरी. बाकीचं मी बघतो.’

मागोमाग शेठ आले. घामाघूम, खांद्यावर बॅट. ‘टप्पा पडला होता ना गं?’

सेक्रेटरी फाइल घेऊन शेजारीच उभा होता. पत्राचा कोपरा बाहेर डोकावत होता. यशोधराने त्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग हातातल्या चेंडूकडे. झाडाखाली आठही संघ उभे राहिले होते. सकाळपासून पहिल्यांदाच.

‘नाही पडला,’ ती म्हणाली. ‘आउट आहात तुम्ही.’

विष्णुपंतांनी तिथल्या तिथे पेनाने शून्य काढलं. वरून गिरवलंही.

शेठनी बॅट खांद्यावरून खाली टेकवली. मग म्हणाले, ‘बावीस वर्षं उद्घाटनं करतोय. कॅरम, बॅडमिंटन, टेबल टेनिस. एकदा कुस्ती. पैलवान मी हात लावायच्या आत झोपला. आउट कसं व्हायचं असतं?’

‘काही नाही, शेठ. बॅट काखेत मारायची आणि चालत जायचं.’

शेठनी बॅट काखेत मारली. मंडपापर्यंत चालत गेले. तिथून मागे वळले आणि झपाझप परत आले.

‘टप्पा पडलाच होता,’ ते म्हणाले. ‘आता डाव परत लावू. बघू पुन्हा कसा धरतेस!’

त्यांनी सेक्रेटरीची फाइल ओढली. पत्रावर यशोधराचं नाव घातलं, ‘व्यवस्थापक’ खोडलं आणि वर ‘प्रतिस्पर्धी’ असं लिहिलं.

‘शेठ, असं पद नसतं,’ विष्णुपंत म्हणाले.

‘मग व्यवस्थापक तुमच्या त्या बॉलरला करा. त्याला जमेल.’ शेठनी पत्राखाली आणखी एक ओळ लिहिली, आणि पत्र यशोधराच्या मातकट हातात दिलं.

तिने डोळे बारीक करून वाचलं. अट : झेल सोडल्यास सेवा तत्काळ समाप्त.