खिडकी बुजवण्याचा ठराव

सोसायटीच्या हॉलमध्ये एकेचाळीस सभासद, एक एसी आणि शून्य उघड्या खिडक्या होत्या. भाडेकरूंना काही ऐकू जाऊ नये, ही सेक्रेटरी दांडेकरांची खबरदारी. ठराव होता पागधरेकाकूंच्या स्वयंपाकघराची एकुलती खिडकी बुजवण्याचा, कारण तिच्यातून सुक्या बोंबलाचा वास वर जायचा.

“मग धूर काय पदरात बांधू?” काकूंनी विचारलं.

“मोकळी हवा हे नुसतं फॅड आहे,” म्हणत दांडेकरांनी तासभर भाषण केलं. माझ्या हवा मोजायच्या मीटरवर कार्बन डायऑक्साइड तीन हजारांवर गेला आणि माना डुलायला लागल्या. मी काकूंच्या कानात कुजबुजले. त्या, मी आणि आणखी पाच जणी दार बोटभर उघडून फटीशी बसलो.

“घ्या आता मतदान,” काकू म्हणाल्या.

ठरावाच्या बाजूने चार, विरोधात सात, झोपेत तीस.