दाखल्यावरील प्लास्टिक

वाचकहो, प्रस्तुत लेखकावर प्रत्यक्ष ओढवलेला एक भयप्रद प्रसंग येथे यथाशक्ती सादर करीत आहे.

माझ्या कन्येचा परदेशी होणारा विवाह तीन आठवड्यांवर येऊन ठेपला होता आणि तिच्या जन्मदाखल्यावर सरकारी शिक्का मिळाल्यावाचून तो पार पडणार नव्हता. हा दाखला मी वीस वर्षांपूर्वी, माझ्याच लॅमिनेशनच्या दुकानात, स्वहस्ते प्लास्टिकमध्ये बंद करून जिवापाड जपला होता. सरकारी कचेरीच्या खिडकीतील बाईंनी त्यावर शिक्का उमटवून पाहिला. शाई बोटाबरोबर पुसली गेली.

"प्लास्टिकवर शिक्का बसत नाही, काका. नवी प्रत काढा. दोन महिने लागतील."

"बाबा, दोन महिने?" कन्येने माझी बाही घट्ट धरली.

"रोज चार जण असेच रडत जातात," बाई म्हणाल्या. "कोण शहाणा हे करून देतो, तो एकदा सापडायला हवा. ही रांगच त्याचा समाचार घेईल."

रांगेतून दोन-चार हुंकार आले. मी मान खाली घालून, कन्येला घेऊन निघालो. तोच रांगेतल्या एका गृहस्थांनी माझा हात प्रेमाने धरला आणि आपला चकाकता दाखला सर्वांना दिसेल असा उंच केला.

 

"अहो काका, ओळखलंत का? तुमच्याच हातचं काम. वीस वर्षांत थेंबभर पाणी आत गेलं नाही."

 

वाचल्याबद्दल आपला ऋणी,
लॅमिनेशनवाला काका