ऑफसाइडची शिट्टी

इंद्रभानच्या गळ्यात तिसरा हार पडला, तेव्हा धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं त्याला झालं होतं.

"रेफ्री असावा तं असा. पोटच्या पोरालेबी सोडलं नाही," रिठदचे उकंडराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. रिठद जिंकलं होतं, त्यांना काय! पण हरलेले कामरगाववालेही मान डोलावत होते.

नाव त्यानं कमावलंच होतं. सामना खेळवायला कुठंही गेला तरी कुणाच्या घरचा चहा घेत नसे. गळ्यात एक शिट्टी. ऐनवेळी दगा नको म्हणून दुसरी शिट्टी बायकोच्या पदराला बांधलेली. चतुराबाई भाकरीचं फडकं घेऊन मैदानाच्या कडेला बसायची.

आज मात्र घात झाला. सामना संपत आला असताना कामरगावकडून खेळणारा त्याचा मुलगा जगदेव गोलसमोर एकटा सापडला. नागपूरच्या मिलचे साहेब खुर्चीतून अर्धे उठले. गोल झाला की मिलच्या टीममध्ये नोकरी पक्की. तेवढ्यात शिट्टी वाजली. शिट्टी झाली की पाय थांबलाच पाहिजे, हे बापानंच शिकवलेलं. जगदेव थांबला.

ती शिट्टी इंद्रभाननं वाजवलीच नव्हती.

गर्दीच्या मागंच यष्टीचा थांबा. गाडी मागं घेताना कंडक्टर शिट्टी मारतो, हे रोजचंच. पण सगळं मैदान इंद्रभानकडे बघू लागलं. 'मी वाजवली नाही' म्हणावं, तर पोरासाठी शिट्टी गिळली म्हणतील. त्या भीतीनं त्याचा हात ऑफसाइडसाठी वर गेला. अब्रू राहिली, पोरगं बुडालं.

घरी जगदेव भिंतीकडे तोंड करून पडला होता. चतुराबाई चुलीपाशी होती.

"मी साहेबाले खरं सांगतो," इंद्रभान हळूच म्हणाला. "त्याची जीप अजून गावातच हाय."

"आता कायले? लोक तोंडात शेन घालतीन तुमच्या."

"घालू दे. बहात्तरच्या दुष्काळात थोरला कारखान्यात गेला, त्याची राखच आली. याचं तरी बरं होऊ दे."

चतुराबाईनं चुलीत काटक्या सारल्या. "साहेब इश्वास ठेवीन का? पोरासाठी बाप खोटं बोलून राह्यला म्हनन."

खरंच होतं ते. "मंग कंडक्टरलेच साक्षीले नेतो."

"नोका जाऊ, जगदेवचे बाबा." तिला रडू फुटलं. ही आपल्या नावासाठी रडते, असं वाटून त्याचा जीव गलबलला. तरी तो निघालाच.

थांब्यावर ग्यानबा पानवाला दुकान आवरत होता.

"सामन्याच्या टायमाले गाडी मांगं घेतली, तो कंडक्टर कोन होता रे?"

"कोनती गाडी?" ग्यानबा म्हणाला. "मानोऱ्यातच बिघडून पडली ते. दिवसभर एकबी गाडी नाही आली. हे लोक पाह्य ना, दुपारपासून बसून हायेत."

साहेबांची जीप धूळ उडवत समोरून गेली. हात करायचंही इंद्रभानला सुचलं नाही.

तो घरी आला, तेव्हा जगदेवला झोप लागली होती. त्याचं डोकं आईच्या मांडीवर होतं. इंद्रभाननं तिच्या पदराच्या गाठीकडे पाहिलं. चतुराबाईनं पदराची गाठ सोडली आणि शिट्टी त्याच्यापुढं ठेवली.

"याची राख मले नाही पाह्याची," ती म्हणाली.