खामलाचं रक्त

"पुन्हा तपासा," म्हातारी बुआलोई म्हणाली. "नवऱ्याला एड्स, आणि हिला काहीच नाही? असं कुठं असतं?"

"पुन्हा पुन्हा तपासलंय, आजी," डॉक्टर ओराथाई म्हणाल्या. "नाहीच."

खामला मान खाली घालून बसली होती. सासू तिला चियांगमाईच्या प्रयोगशाळेत घेऊन आली होती, ती काही काळजीपोटी नव्हे. तिचा नवरा इन्केव एड्सनं गेल्यापासून गावात एकच बोलणं होतं. वर्षानुवर्षं एका अंथरुणात निजूनही ही ठणठणीत, म्हणजे हिच्या अंगात माहेरचं भूत आहे. त्यानंच नवऱ्याला खाल्लं. गाव तिला हाकलायला निघालं होतं. सासूही उठताबसता म्हणायची, "बैलासारखा पोरगा गेला माझा, आणि ही लंगडी उरली."

गुडघ्यांवर हात टेकल्याशिवाय खामलाला उभंही राहता येत नसे. लहानपणापासून तसंच.

डॉक्टरांनी दोघींना संगणकाच्या पडद्यासमोर बसवलं. त्यावर एका काचेच्या बशीतल्या पेशी हिरव्या झगमगत होत्या.

"ह्या दुसऱ्या माणसाच्या. विषाणू सोडला आणि सगळीकडे पसरला; हिरवं दिसतंय तिथं तिथं तो आहे. आणि ह्या खामलाच्या."

पडदा काळा होता. एखाददुसरा ठिपका, बस्स.

"आजी, ह्या विषाणूला एकट्यानं वाढता येत नाही. आपल्याच पेशीतली प्रथिनं तो राबवून घेतो. त्यातलंच एक त्याला पेशीच्या गाभ्यात नेऊन सोडतं. खामलाचं ते प्रथिन जन्मतःच वाकडं आहे. तो बाहेरच अडकतो." बोलता बोलता डॉक्टर उठून उभ्या राहिल्या. "भूत नाही, आजी! कुठं अडवायचं त्याला, ते हिच्या रक्तानं दाखवलंय आम्हाला. उद्या यावर औषध निघेल."

"मग हिचे पाय?" म्हातारीनं विचारलं.

"त्याच प्रथिनापायी. स्नायूंना बळ नाही, ते त्यामुळेच."

बाहेरच्या दालनात माणसं दाटीवाटीनं बसली होती. खामला कशीबशी बाकावर टेकली. तिच्यासमोर फरशीवर म्हातारीनं बसकण मारली, सुनेच्या चपला काढल्या आणि तिचे दोन्ही पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतले. दालनातल्या सगळ्या माना वळल्या.

खामलानं घाबरून पाय ओढले. "आई, अहो, पाय आहेत ते! लोक बघताहेत."

"बघू देत," म्हातारी पोटऱ्या चेपत म्हणाली. "ह्या लंगड्या पायांनीच माझं एक लेकरू राखलंय."