शेवटचा भाग

रझाकारांच्या धामधुमीत वडील घराबाहेर पडले ते परत आलेच नाहीत. रेणुकादास मास्तर तेव्हा पाळण्यात होते. "येतील रे कधीतरी," एवढंच आई सांगायची आणि रोज कपाळावर ठसठशीत कुंकू लावायची. भूकंपात घर पडलं, तेव्हाही तिनं ढिगाऱ्यातून आधी कुंकवाचा करंडा शोधून काढला. मास्तर निवृत्त झाले, तरी दारात कुणी अनोळखी म्हातारा दिसला की त्यांचा जीव वरखाली व्हायचा.

आता लातुरात नात देविका क्लासहून आली की सगळे मिळून टीव्हीवरची खुनाची मालिका बघत. आज तिचा शेवटचा भाग होता. मालिकेत, रझाकारी काळात ज्या गाववाल्यानं बापाला मारलं, त्याचं नाव आईकडून कळताच तरुण मुलानं त्याला शोधून ठार केलं आणि स्वतः फासावर गेला.

"पणजी, का रडायलीस गं? सिरीयल आहे ती," देविका म्हणाली.

"त्या बाईनं पोराला नाव सांगायलाच नको होतं," म्हातारी पुटपुटली. "मी नाही सांगितलं."

मास्तर चमकले. "कुणाचं नाव, आई?"

तिनं बराच वेळ लेकाच्या पांढऱ्या केसांकडे, हातातल्या काठीकडे बघितलं. मग पदरानं कपाळावरचं कुंकू पुसून टाकलं.

 

"आता तू म्हातारा झालास, बाळा. आता कुणाला मारायला जाणार नाहीस."